मावशींचं बोलणं जिथे कापलं

दुसऱ्यांचं बोलणं तपासणं हे माझं काम आहे. शेजारपाजारच्यांना ते पटत नाही, कारण मी दिवसभर घरीच दिसते. पूर्वी मी तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. तो विभाग गुजरातला हलला आणि मी हलले नाही. मग एका ओळखीतून हे काम मिळालं. चित्रपट, मालिका, मुलाखती यांत माणसं जे बोलतात ते ऐकून लिहून काढायचं आणि पडद्याच्या तळाशी त्याच्या ज्या ओळी उमटतात त्या नीट आहेत का ते बघायचं. ओळ किती अक्षरांची, ती किती सेकंद राहणार, वाचणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो का, बोलणारा थांबला तिथेच ओळ संपते का. हेही हिशेबाचंच काम आहे, फक्त रुपयांच्या जागी शब्द आले.

या कामाने मला एक खोड लागली. कोण किती बोलतं हे मी मोजायला लागले. सिनेमात नायक प्रश्न विचारतो आणि नायकाची आई त्याला जेवून घे म्हणते. घरकाम करणाऱ्या बाईला एखाद्या प्रसंगात अचानक लांब वाक्य मिळालं, की मी ओळखते, आता ही एक तर गुपित फोडणार नाही तर पुढच्या दहा मिनिटांत मरणार. लेखकाने तिच्यावर उगाच एवढे शब्द खर्च केलेले नसतात. सिनेमातल्या कोळिणी तर मला पाठच झाल्यात. कमरेवर हात, कपाळाला आठ्या, तोंडात शिव्या. इतक्या कोळिणी ऐकल्या, पण बर्फाचा विषय काढणारी एकही भेटली नाही. खरी मासळीवाली तासाभरात बर्फाबद्दल किती वेळा बोलते, ते कुणीही बाजारात उभं राहून मोजावं.

मुलाखतींचं वेगळं असतं. तिथे मी प्रश्न आणि उत्तर जमा-खर्चासारखे समोरासमोर मांडते. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर मधे काहीतरी गाळलेलं असतं. "फार चांगला प्रश्न विचारलात" असं एखादा पुढारी म्हणाला, की पुढचं उत्तर त्या प्रश्नाचं नसणार हे मी डोळे मिटून सांगते.

घरात याचा त्रास माझ्या नवऱ्याला. एकदा जेवताना तो नुसतं "बरं" म्हणाला.

"हे ऐकल्याचं बरं आहे, पटल्याचं नाही," मी म्हटलं. "पटलं की तू आधी मान हलवतोस."

"मी आता लेखी कळवत जाईन," तो म्हणाला. "तिथे श्वासबिस ऐकू येत नाही."

ही खोड कुणाच्या उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती पडली, आणि जिच्या उपयोगी पडली ती बाई जन्मात माझं काम काय हे विचारणार नव्हती. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही नवीन पनवेलला विचुंब्याच्या बाजूला राहतो. आमच्या वसाहतीबाहेर रस्त्याच्या कडेला दहा-बारा जणी मासळी घेऊन बसतात. बहुतेक जणी उरणकडच्या खाडीकाठच्या, एकाच टेम्पोतून पाट्या आणि टब घेऊन येणाऱ्या. त्यांतल्या एका मावशींकडून मी वर्षानुवर्षं मासे घेते. मावशी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. आवाज खणखणीत, पण चढा कधीच नाही. त्यांची भाव तोडायची पद्धत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले होते.

हेल्मेट न काढताच एक गृहस्थ म्हणाले, "मावशी, ही पापलेटची जोडी तीनशेला द्या."

भाव जवळजवळ त्याच्या दुप्पट होता. मावशी गोड हसल्या.

"तीनशेला? देते की, दादा. का नाय देनार? तीनशेला जोडी घ्या. वर ही मूठभर कोलंबी घ्या. साफ करून देते, चांगली पिशवी देते, गाडीला अडकवूनबी देते."

गृहस्थ खूश. खिशात हात गेला. तेवढ्यात मावशींनी एक श्वास घेतला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आनि रातच्याला माज्या नातवंडांना तुमच्याकडं जेवायला धाडते. किती वाजता जेवता तुमी?"

अख्खी रांग हसली. गृहस्थांनी हेल्मेट काढलं, आणि मग बोलणं खऱ्या भावावर आलं.

हे त्यांचं रोजचं होतं. आधी समोरच्याचं मागणं पूर्ण मान्य करायचं. त्याने न मागितलेल्या दोन गोष्टी आणखी त्याच्या ओंजळीत घालायच्या. तो विरघळला, की एक श्वास घ्यायचा आणि एकाच वाक्यात सगळं परत काढून घ्यायचं. एखाद्या पटकथा-लेखकाने असं पात्र लिहिलं असतं तर मी त्याला पत्र पाठवलं असतं.

मग त्या रांगेवर संकट आलं. शेजारीच नवी बाजार-इमारत उभी राहिली. रस्ता मोकळा करायचा आणि मासळीला त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसवायचं, असं घाटत होतं. तळमजल्यावर कपड्यांची आणि मोबाइलची दुकानं. मासळीवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. संध्याकाळी कामावरून येणारं माणूस जाता जाता थांबतं, चार बोंबील घेतं आणि पुढे जातं. त्यासाठी जिना कोण चढणार? आणि बर्फाचे, पाण्याचे टब रोज वर कोण नेणार? अधिकाऱ्यांबरोबर बैठक ठरली. तिथे सगळ्यांच्या वतीने बोलायला मावशींना निवडलं होतं. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. त्यांच्यासारखं बोलणारं दुसरं कोण होतं?

बैठकीच्या दहा-बारा दिवस आधी मोबाइलवर बातम्या देणाऱ्या एका छोट्या वाहिनीचा तरुण वार्ताहर माइक घेऊन आला. रांगेत गोंगाट म्हणून त्याने मावशींना पलीकडे नव्या इमारतीसमोर नेऊन विचारलं, मावशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी ते बोलणं सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. एकवीस सेकंदांचं. वर मोठ्या पिवळ्या अक्षरांत मथळा होता, "मासळी विक्रेत्यांचा नव्या इमारतीला होकार!" मागे उत्साही संगीत. मधे मावशी, हसऱ्या.

"नवीन जागा? मस्तच हाय. वर पंखे हायत, लाद्या हायत, पानी चोवीस तास हाय. उन्हात तापायला नको, पावसात भिजायला नको. जिनाबी चांगला रुंद हाय. आमी जाऊ की वर. का नाय जानार?"

आणि तळाशी, माझ्या धंद्यातल्या कुणीतरी लिहिलेल्या ओळी. "नवीन जागा अतिशय चांगली आहे. सर्व सुविधा आहेत. आम्ही जाण्यास तयार आहोत."

मला हे सगळं ठाऊक नव्हतं. बुधवारी मी गेले तर मावशी नेहमीच्या जागेवर नव्हत्या. रांगेच्या पार टोकाला, गटाराच्या झाकणापलीकडे त्यांचा टब होता. त्यांच्यात आणि शेजारणीत एक माणूस आडवं झोपेल एवढी मोकळी जागा.

"मावशी, आज इकडे?"

"हवा लागते इकडं."

"काय झालं?"

"काय व्हायचंय? मांदेली बगा, ताजी हाय."

मग पलीकडे सुकट विकणाऱ्या आत्यांनी, रांगेतल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी, मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "तिला वरती जिन्याजवलची जागा कबूल केलीय म्हनतात. पयली जागा. आता आमचं कोन ऐकतंय? टीव्हीवर सगल्यांच्या वतीनं हो म्हनून आली."

मावशी मांदेली मोजत राहिल्या. त्यांचा हात थांबला नाही, पण मान खाली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना उत्तर न देता गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

वसाहतीच्या गटावर आलेलं ते बोलणं मी तिथेच फोन कानाला लावून ऐकलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही सांगत का नाही, पुढचं कापलं म्हणून?"

"सांगितलं. एकदा. आत्या काय म्हनली म्हाईत हाय? पुढारीबी फसले की तेच म्हनतात." त्यांनी पिशवीला गाठ मारली. "आता नाय सांगनार, वयनी. वीस वरसं बाजूला बसून ज्यांना माजं बोलनं कललं नाय, त्यांना मी समजवू? सोमवारी सभा हाय. दुसरीला निवडतील. निवडू दे."

सोमवार त्यांचा सैल वार, गिऱ्हाईक कमी. म्हणून सभा तेव्हा. मावशींना बाजूला काढलं, की त्यानंतरच्या गुरुवारी अधिकाऱ्यांच्या बैठकीत दुसरीच कुणी जाणार. आणि तिने काहीही सांगितलं तरी अधिकाऱ्यांच्या टेबलावर त्या एकवीस सेकंदांतला होकार असणारच. सगळ्यांची जागा जाणार होती, आणि मावशींचं तर नावच जाणार होतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं.

"तू यात पडू नकोस," तो म्हणाला. "त्यांचा बाजार, त्यांचं भांडण."

"ऐकायला काय हरकत आहे?"

"तुझं ऐकणं नुसतं ऐकणं नसतं. मला अनुभव आहे."

मी कामाच्या संगणकावर ते बोलणं उतरवलं आणि कानावर हेडफोन चढवून बसले. पहिल्यांदा फक्त मावशी ऐकल्या. मग फक्त मागचे आवाज. मग शेवटचे दोन सेकंद, पुन्हा पुन्हा.

तिथे दोन गोष्टी सापडल्या. एक, मागे कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि त्याची धून चालू होती. ती धून मध्येच तुटत होती. मावशींचं वाक्य संपलं असेल, पण टेम्पो अजून मागे येतच होता. म्हणजे कॅमेराही चालूच असणार. यावरून एवढंच कळतं की कापलंय. कापणं हा गुन्हा नाही, बातमी कापूनच होते.

दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटली. "का नाय जानार?" यानंतर, संगीताच्या खाली, अगदी बारीक आवाज होता. श्वास आत घेतल्याचा. बोलून झालेला माणूस श्वास सोडतो, तोंड मिटतो, नजर वळवतो. पुढे बोलणारा माणूस श्वास आत घेतो. हजारो ओळी तपासताना मी याच खुणेवरून ठरवत आलेय, की ओळ इथे संपवायची की पुढे न्यायची.

तरी खात्री हवी होती. नवऱ्याला समोर बसवलं.

"म्हण, मी भाजी आणतो."

"मी भाजी आणतो."

"परत."

"मी भाजी आणतो."

"आता जरा मनापासून."

"मी भाजी आणतो," तो म्हणाला, त्याने छाती भरून श्वास घेतला, "पण हे थांबव गं बाई!"

"हा! हाच!" मी टेबलावर हात आपटला. "पण-च्या आधीचा! हाच आवाज आहे!"

तो उठून माझ्या बाजूला आला. मग हेडफोन मागून घेतला आणि मावशींचे शेवटचे दोन सेकंद ऐकले. पुन्हा ऐकले. हेडफोन काढून म्हणाला, "पुढे पण आहे." यावेळी त्याने आधी मान हलवली.

एक प्रश्न मात्र मला रविवारपर्यंत सुटत नव्हता. मी बाहेरची, मला ओळखू आलं. मग ज्या रोज शेजारी बसतात त्यांना कसं आलं नाही? उत्तर रविवारी बाजारात उभी असताना मिळालं. एक तरुण मुलगी तेच बोलणं पाहत होती, आणि फोनचा आवाज बंद होता. कोयत्यांचा, गाड्यांचा एवढा गोंगाट की कोण आवाज लावणार? त्यांनी मावशींना ऐकलंच नव्हतं. त्यांनी ओळी वाचल्या होत्या. आणि ओळींतल्या त्या "अतिशय चांगली"मधून "मस्तच हाय"मधला हेल धुऊन निघाला होता. एखाद-दोघींनी आवाज लावला असेल, त्यांच्याही कानावर संगीत पडलं. शिवाय मावशींच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याशिवाय आजवर कुणी ऐकलेलाच नव्हता. नुसता तेवढाच समोर आला तर तो ओळखीचा वाटणार कसा?

सोमवारी दुपारी बर्फाच्या शेडमध्ये सभा भरली. मी गेले. नवरा जुनी गाणी ऐकायचा स्पीकर घेऊन माझ्या मागे आला आणि दाराशीच थांबला. मावशी एका खोक्यावर, सगळ्यांकडे पाठ अर्धी वळवून बसल्या होत्या.

आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वयनी, आज मासली नाय. भाषनबी नको."

"भाषण नाही आत्या. एकदा ऐकवायचंय, बघायचं नाही."

"बगितलंय आमी. डोले फुटेपर्यंत बगितलंय."

"बघितलंय. ऐकलंय का?"

मी फोन पालथा ठेवला, म्हणजे मथळा नाही आणि ओळीही नाहीत. संगीत घरीच जमेल तितकं खाली दाबून आणलं होतं. तसं केलंय हे मी आधी सांगून टाकलं, आणि मूळचंही हवं तर लावते म्हटलं. मग स्पीकर सुरू केला. शेडमध्ये मावशींचा आवाज भरला. पंखे हायत, लाद्या हायत, पानी चोवीस तास हाय. शेवटी तो श्वास. स्पीकरवर तो चांगलाच मोठा ऐकू आला.

कोपऱ्यातली एक जण हळूच म्हणाली, "अगो बाय."

"काय गं?" आत्यांनी विचारलं.

"परत लावा, वयनी."

मी परत लावलं. यावेळी दोन-तीन जणींनी एकमेकींकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हे बघा, पुढे त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते, आणि जे ऐकलं नाही ते मी सांगणार नाही. मला एवढंच सांगता येतं की बोलणं संपलेलं नव्हतं. हा श्वास बोलून झालेल्या माणसाचा नाही. पुढे काय असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल." मग मी आत्यांकडे वळले. "आत्या, मी मावशींना म्हटलं, हलवा शंभरला द्या. तर त्या काय म्हणतील?"

"मी कशाला सांगू? ती बसलीय नं तिथं."

पण कोपऱ्यातलीला राहवलं नाही. तिने मावशींचा गोड आवाज काढला. "शंभरला? देते की, वयनी. का नाय देनार?"

दुसरी लगेच, "वर ही कोलंबी घ्या!"

तिसरी, "साफ करून देते, पिशवी देते!"

आणि मग तिघी-चौघींनी मिळून तो श्वास घेतला. ठरवून नाही, सवयीने. आणि एकदम चार वेगवेगळी वाक्यं आली, एकीचं नातवंडांचं, एकीचं होडीच्या डिझेलचं, एकीचं तुमच्या नवऱ्याच्या पगाराचं, आणि चौथीचं इथे लिहिण्यासारखं नाही. शेड हसण्याने दणाणली. दाराशी माझा नवराही हसत होता, पगार निघाला म्हणून असेल.

आत्या हसल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि मावशींच्या खोक्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पुढं काय बोललीस?"

मावशींनी मान वर केली. "तूच सांग."

"मी सांगू?"

"वीस वरसं ऐकतेस नं?"

आत्यांनी कमरेवर हात ठेवला, अगदी सिनेमातल्यासारखा, आणि श्वास घेतला. "आमी जाऊ की वर. का नाय जानार? गिऱ्हाईकाला खांद्यावर बसवून वर कोन आननार, तुजा बाप?"

मावशी कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. "बाप नाय काढला गो. पोरगा चांगला होता."

"मंग काय म्हनलीस?"

"त्यालाच विचारा."

वार्ताहराचा नंबर एकीकडे होता. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला. सगळ्या जणी बर्फाच्या लाद्यांभोवती गोळा झाल्या. तो आधी गडबडला. मग म्हणाला, "मावशी, पुढचं तुम्ही चेष्टेत बोललात ना, म्हणून कापलं. बातमीला कामाचं तेवढं ठेवलं."

"चेष्टेत?" मावशी म्हणाल्या. "लेकरा, चेष्टा तू ठेवलीस. कामाचं टाकून दिलंस."

मी ऐकत होते. मुलगा खोटारडा नव्हता. तो कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला, खोलीवर डबा लावून राहणारा, आयुष्यात कधी मासळीचा भाव न केलेला. आमच्या वसाहतीतल्या कुठल्याही बाईने ते बोलणं ऐकून पहिला भाग फेकला असता आणि दुसरा ठेवला असता.

"पूर्ण टाकतो," तो शेवटी म्हणाला. "संध्याकाळपर्यंत टाकतो."

"खालच्या ओळी मी लिहून देते," मी मध्ये बोलले. त्याने नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी पूर्ण बोलणं आलं. त्यात "का नाय जानार?" नंतर तो श्वास होता, आणि श्वासानंतर मावशी म्हणत होत्या, "फक्त एक गिऱ्हाईक वर चढवून दाखवा. गुडघ्यानं अधू आजी, हातात पिशवी, कडेवर नातू. ती चार बोंबलांसाठी वर पोचली, की तिच्या मागोमाग आमी सगल्या टब घेऊन हजर."

ओळी लिहिताना मी "हाय"चं "आहे" केलं नाही आणि "मस्तच"चं "अतिशय चांगली"ही केलं नाही. जिथे त्या थांबल्या तिथे ओळ थांबवली. शेवटची ओळ मी नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ पडद्यावर ठेवली. नियमात ते बसत होतं, मी तपासलं होतं. आधीच्या तुकड्यापेक्षा हे पुष्कळ जास्त लोकांनी पाहिलं. आमच्या वसाहतीच्या गटावर तर ते इतक्या जणांनी टाकलं, की सचिवांना लिहावं लागलं, एकदा टाकलेलं पुन्हा टाकू नये.

सभेचा निर्णय मात्र पूर्ण बोलणं येण्याच्या आधीच झाला होता. आत्यांनीच विचारलं होतं, कोन कोन हिला धाडायचं म्हनतंय, आणि सगळ्यांचे हात वर गेले होते. मी मोजले. मावशींचा धरून एकही कमी नव्हता. मावशींनी स्वतःसाठी हात वर केला म्हणून आत्या म्हणाल्या, "तुजा कशाला?" त्यावर मावशी म्हणाल्या, "आमची वयनी हिशेबाची हाय. कमी पडायला नको."

मंगळवारी सकाळी मावशींचा टब पूर्वीच्या जागेवर होता. आत्यांनी आपली सुकटीची पाटी उचलून त्यांच्या अगदी शेजारी आणली होती. दोघी माझ्यासमोर एक शब्दही त्यावर बोलल्या नाहीत. आत्यांनी मला मूठभर सुका जवळा कागदात बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी आग्रह करायला लागले तर म्हणाल्या, "घे गो, हिच्यासारखं नाय हाय माजं. देते म्हनलं म्हंजे देते."

गुरुवारच्या बैठकीला मी नव्हते, तो माझा विषय नव्हता. जे झालं ते मला नंतर तिथे गेलेल्या सगळ्याच जणींनी, एकाच वेळी बोलत, सांगितलं. अधिकाऱ्यांनी नकाशा मांडला आणि पहिल्या मजल्याच्या सोयी वाचून दाखवल्या. मावशी म्हणाल्या, मस्तच हाय साहेब. पंखे, लाद्या, सगलं मस्त. साहेबांच्या शेजारचा कारकून लगेच लिहायला लागला. तर मागून सगळ्या जणी एका सुरात म्हणाल्या, "थांबा! ती अजून बोलतेय!" साहेबांनीही ती मुलाखत पाहिलेली होती. त्यांनी कारकुनाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोला मावशी. आजीबाई कुठपर्यंत चढल्या?"

आजीबाई चढल्याच नाहीत. बरंच बोलणं झालं, नकाशावर रेघा मारल्या गेल्या, कपडेवाल्यांनाही बोलावलं गेलं. कपड्याला जिना चालतो, लोक हौसेने चढतात, हे त्यांनाही मान्य झालं. शेवटी तळमजल्याची रस्त्याकडची अख्खी बाजू मासळीला मिळाली. सगळ्यांना जागा, एकही वर नाही, आणि पाण्याचा निचरा मागच्या नाल्यात. तळमजल्यावरही जिन्याजवळची पहिली जागा होती, ती मावशींनी आत्यांना दिली. तिथे टेकायला पायरी आहे आणि गुडघे आत्यांचेच दुखतात, असं कारण सांगितलं.

त्याच गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मला मावशींचा फोन आला. मागे एवढा कल्लोळ होता की मला हेडफोन लावावासा वाटला.

"वयनी, पिशवी घेऊन खाली येऊ नका आज."

"का हो? काय झालं?"

"रांग बंद हाय. एकबी जन बसली नाय. टेम्पोवाल्यालाबी घेतलाय संगती." मागून आत्यांचा आवाज आला, लवकर आटप म्हणून. "आमी सगल्या हाटेलात जेवायला चाललोय. शाकारी थाली हाय म्हनतात. मासे कोन खानार रोज रोज?"